गोल हिरवा झाला, आकडा मात्र पन्नासच

वंशागतीचं गणित करून देणारं एक मोबाइल ॲप मी चार महिने वापरलं. नाव लिहीत नाही. बनवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, भांडण आहे ते एका टिचकीशी. ते पुढे येईलच.

ॲप दिसायला नेटकं आहे. कोऱ्या पडद्यावर घराण्याचा वृक्ष काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवराबायकोंमध्ये आडवी रेघ, मुलं खाली लटकलेली. ज्याच्यात तो गुण दिसतो त्याचा आकार भरीव. प्रत्येकाच्या कार्डावर जनुकाच्या दोन प्रती भरायच्या, माहीत नसेल तर 'अज्ञात' ठेवायचं. शेवटी दोघांवर बोट ठेवलं की पनेटचा चौकोन, म्हणजे दोघांच्या प्रतींच्या जोड्या दाखवणारा चार घरांचा तक्ता, उघडतो आणि बाळाची शक्यता टक्क्यांत येते. बोट ओढून भावंडांचा क्रम बदलता येतो आणि इंटरनेट नसलं तरी सगळं चालतं.

मी ते का घेतलं ते सांगते. माझ्या दादाला अल्बिनिझम आहे. केस पांढरे, कातडी दुधासारखी, उजेड डोळ्यांना झोंबतो आणि बुबुळं सारखी हलत असतात. आईबाबांचे, ताईचे आणि माझे केस मात्र काळेकुट्ट. ताई थोरली, दादा मधला, मी शेंडेफळ. आता मला मूल हवं आहे आणि त्याला दादासारखं होण्याची शक्यता किती, एवढंच विचारायचं होतं.

ॲप म्हणालं, २५ टक्के.

दादा जसा जगतो ते मी लहानपणापासून पाहते आहे, त्यामुळे मला त्यात भिण्यासारखं काही वाटत नाही. पण चारात एक हा आकडा ऐकून पोटात खड्डा पडलाच. रात्री नवरा झोपल्यावर मी तो वृक्ष पुन्हा उघडला आणि एकेका कार्डावर टिचकी मारत गेले. माझ्या कार्डावर लिहिलं होतं: वाहक ५० टक्के, बाधित २५ टक्के, दोन्ही नाही २५ टक्के.

बाधित २५ टक्के? मी? उठून आरशात बघितलं. केस होते तिथेच होते, काळे.

इथे अक्षरांचा घोळ मिटवून घेऊ. ॲपमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं आहेत. आपल्या लिपीत तशी सोय नाही, म्हणून मी रंग तयार करणाऱ्या प्रतीला 'र' म्हणते आणि बंद पडलेल्या प्रतीला 'ब'. आईबाबा दोघंही रब. याच अवस्थेला पुस्तकात विषमयुग्मजी म्हणतात: दोन प्रती दोन तऱ्हांच्या, आणि एक चालू असल्यामुळे माणसाकडे बघून काहीच कळत नाही. म्हणूनच अशाला वाहक म्हणतात. दोघांकडून एकेक प्रत आली की चार घरं होतात: रर, रब, बर, बब. दादा बब. हे चारास एक कुणालाही पटतं.

पण मी बब नाही, हे माहीत आहे. त्यासाठी कुठलीही तपासणी लागत नाही, फणी पुरते. म्हणजे माझ्यापुरतं चौथं घर खोडायचं. उरली तीन, त्यातली दोन वाहकाची. मी वाहक असण्याची शक्यता निम्मी नाही, दोनतृतीयांश आहे. आता ॲपमध्ये 'बाधित / निरोगी' असं एक बटण आहे. मोठ्या आशेनं मी 'निरोगी'वर टिचकी मारली. माझा गोल छान हिरवा झाला. आकडा पन्नासच. ते बटण फक्त रंग बदलतं! गणिताला त्याचा पत्ताच नाही.

नवऱ्याला हे दोनतृतीयांश पटेना. 'रब काय नि बर काय, एकच की. मग तीन प्रकार उरतात, खोडल्यावर दोन, म्हणजे निम्मं.' वाद घालण्यापेक्षा दोन नाणी काढली. एक आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे र, काटा म्हणजे ब. साठ वेळा उडवली आणि मी वहीत रेघा मारत गेले. दोन्ही छापे १७ वेळा, दोन्ही काटे १४ वेळा, एक छापा एक काटा २९ वेळा. दोन काट्यांच्या चौदा रेघा खोडल्या, कारण ती मी नव्हेच. उरल्या ४६, त्यात २९ वाहक. ६३ टक्के. 'दावा ६७ चा नि पुरावा ६३ चा', असं कुरकुरत का होईना, त्यानं मान्य केलं.

त्याला पुढे मेंडेलचे आकडे दाखवले. वाटाण्यावरच्या कामाचा निबंध १८६६ साली छापून आला, त्यातलं ३:१ सगळ्यांना पाठ असतं. पण मेंडेलनं पुढे जे केलं ते मला जास्त आवडतं. दुसऱ्या पिढीतले गोल दाणे सगळे सारखेच दिसतात. मग त्यातले शुद्ध किती आणि आत सुरकुतलेपण लपवून बसलेले किती? मेंडेलनं ते पेरले. ५६५ झाडं आली. त्यातल्या १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले आणि ३७२ झाडांनी गोल आणि सुरकुतलेले दोन्ही. ३७२ भागिले ५६५ केलं तर ६५.८ टक्के येतात. तो गोल दाणा म्हणजे मीच की. वरून नीट दिसणाऱ्यांतले दोनतृतीयांश वाहक, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी पेरून, मोजून झाली आहे आणि ॲपमध्ये अजून नाही.

मग ते २५ टक्के आले कुठून? नवऱ्याच्या कार्डावरून. त्याच्याकडे कुणाला अल्बिनिझम नाही, म्हणून मी 'अज्ञात' ठेवलं होतं. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, सगळ्यात खाली, 'लोकसंख्येतील वारंवारता' नावाचा रकाना आहे आणि त्यात कुणीतरी ०.५ भरून ठेवलंय. म्हणजे जगातल्या निम्म्या प्रती बंद! तसं असतं तर रस्त्यात दिसणारा प्रत्येक चौथा माणूस दादासारखा दिसला असता आणि निम्मे लोक वाहक असते. विषमयुग्मजींचं प्रमाण दोन प्रकारांच्या जनुकात याहून वर जाऊच शकत नाही. अंदाज म्हणून भरायला याहून वाईट आकडा सापडला नसता.

खरा आकडा काढायची रीत १९०८ पासून आहे. ज्याच्या नावाचा चौकोन हे ॲप काढतं त्या पनेटनंच हा प्रश्न हार्डी या गणितज्ञाकडे नेला होता. दोघं क्रिकेट एकत्र खेळायचे. जर्मनीत वाइनबर्ग या डॉक्टरनं त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच मांडलं. दादाचा प्रकार सुमारे ४०,००० त एकाला असतो. बाधिताला दोन बंद प्रती लागतात, म्हणून वर्गमूळ काढायचं: बंद प्रतीचं प्रमाण दोनशेत एक. वाहकाचं प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट, कारण बंद प्रत आईकडून आलेली असेल किंवा बाबांकडून. म्हणजे शंभरात एक. एका दादामागे जवळपास चारशे वाहक हिंडत असतात आणि त्यांना याचा पत्ताही नसतो.

आता माझं उत्तर: दोनतृतीयांश गुणिले शंभरात एक गुणिले चारात एक. सहाशेत एक. ॲपच्या २५ टक्क्यांच्या दीडशेव्या हिश्शाएवढं.

रकान्यात ०.५ काढून ०.००५ भरलं तर ॲप ०.२५ टक्के म्हणतं, म्हणजे चारशेत एक. जवळ आलं, पण तरी चुकलंच, कारण माझं ते खोडायचं घर त्यानं अजून धरून ठेवलंय.

दादाचा जनुकीय रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यावरूनच मला ॲपचं दुसरं अपुरेपण कळलं. त्यात 'हेटेरोझायगस', म्हणजे विषमयुग्मजी, असा शब्द होता. दादानं फोन नाकाला टेकवून तो वाचला आणि मला म्हणाला, 'अगं, हेटेरोझायगस म्हणजे वाहक ना? मग मी पांढरा कशाला झालो?' पूर्ण शब्द 'कंपाउंड हेटेरोझायगस' असा होता. टायरोसिनेज नावाचं एक विकर शरीरात रंग तयार करतं, त्याची सूचना ११ व्या गुणसूत्रावर असते. दादाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, पण दोन वेगवेगळ्या जागी. आईबाबांचीही तपासणी झाली, तेव्हा एक बिघाड आईकडचा आणि दुसरा बाबांकडचा हे नक्की झालं. दोन्ही प्रती वेगळ्या आहेत म्हणून विषमयुग्मजी, आणि दोन्हींतली एकही चालत नाही म्हणून अल्बिनिझम. ॲपमध्ये एका जनुकाला दोनच अक्षरं देता येतात. तिसरं घालायला गेलं की पडदा लाल होतो.

गंमत अशी की नवऱ्याच्या 'रब काय नि बर काय' याला याहून चांगलं उत्तर नव्हतं. आमच्या घरात त्या दोन खरोखर दोन वस्तू आहेत. एका घरात आईचा बिघाड, दुसऱ्यात बाबांचा. नाणी नसती उडवली तरी चाललं असतं.

आता आईची गोष्ट. दादाच्या जन्मानंतर आईला कुणीतरी समजावलं होतं की चारात एक असतो, तो झाला, आता पुढची तीन नीट होणार. त्या भरवशावर मी जन्मले. आई हे अजून सांगते आणि वर म्हणते, 'आणि झालीसच की नीट.' नाण्याला आठवण नसते, हे तिला मी आजवर पटवू शकलेले नाही. आणि या बाबतीत ॲप आईच्या बाजूला आहे! 'अपत्यसंख्या' मध्ये ४ भरलं की ते चार चेहरे काढतं, एक भरीव, तीन कोरे. दोन वाहकांच्या चार मुलांत नेमकं एकच बाधित असण्याची शक्यता ४२ टक्के आहे. एकही नसण्याची जवळजवळ ३२ टक्के. म्हणजे ते चित्र निम्म्याहून जास्त वेळा खोटं ठरेल. अशी चित्रं बघूनच माणसं तसा भरवसा देत असतील.

आईचं दुसरं म्हणणं ताईबद्दल. 'ताईची तिन्ही मुलं काळ्या केसांची, म्हणजे ताईत ते नाही.' हे ॲपला विचारायची सोयच नाही, मुलांवरून आईकडे उलटं जाता येत नाही. मी वहीत केलं. ताई वाहक असण्याची शक्यता माझ्यासारखीच दोनतृतीयांश. ती वाहक असली तरी दाजी वाहक असण्याची शक्यता शंभरात एकच, आणि दोघं वाहक असले तरी तिन्ही मुलं नीट होण्याची शक्यता ६४ त २७. सगळं घालून ताईची शक्यता ६६.६७ टक्क्यांवरून किती खाली आली? ६६.५४. आईच्या युक्तिवादाची किंमत ०.१३ टक्के. मी तिला हे सांगितलेलं नाही.

पुरावा जोरदार व्हायचा तर जोडीदार बब हवा, किंवा वाटाण्यासारखं स्वपरागण हवं. तिथेही माणूस फसतोच. मेंडेलनं झाडाच्या काही गुणांसाठी प्रत्येक झाडाचे दहाच दाणे पेरून निर्णय दिला होता. वाहक झाडाचे दहाच्या दहा दाणे प्रभावी, म्हणजे वरून शुद्धासारखेच दिसणारे, निघण्याची शक्यता ५.६ टक्के उरते, म्हणजे थोडे वाहक शुद्धात मोजले जाणार. १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञानं नेमकं हेच काढलं: अशा ६०० झाडांत सुमारे ३७७ च वाहक सापडायला हवे होते, नोंदीत आहेत ३९९. दोनतृतीयांशाच्या जरा जास्तच जवळ. त्यावर अजून वाद चालतात. मेंडेल खरा होता की नाही हे मी ठरवणार नाही, पण ५.६ टक्क्यांचा विचार करणारं ॲप मला हवं होतं.

ॲपची सगळ्यात मजेशीर चूक मात्र दादाच्या घरी झाली. वहिनीलाही अल्बिनिझम आहे. दोघांची ओळख कमी दिसणाऱ्यांच्या एका गटात झाली. मी कौतुकानं दोघांना वृक्षात बसवलं, बब आणि बब, आणि बाळावर बोट ठेवलं. चारही घरं पांढरी, १०० टक्के. आणि ती १०० टक्के शक्यता माझ्या शेजारी बसून माझ्याच मोबाइलवर बोट मारत होती, दोन काळ्याभोर वेण्या घालून. चार वर्षांची आहे.

वहिनीचा बिघाड वेगळ्या जनुकात आहे, १५ व्या गुणसूत्रावर. दादाचं ते जनुक चालू आहे आणि वहिनीचं टायरोसिनेज चालू आहे. पोरीला दोघांकडून एकेक चालू प्रत मिळाली. ती दोन्ही जागी विषमयुग्मजी आहे, आणि दोन्ही जागी एक चालू प्रत असल्यामुळे तिला भरपूर रंग आहे. सुगंधी वाटाण्याची दोन पांढऱ्या फुलांची झाडं एकमेकांशी जोडल्यावर जांभळी फुलं आलेली बेटसन आणि पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिली होती. त्या जांभळ्यांची पुढची पिढी ९:७ आली, नऊ जांभळ्यांमागे सात पांढरी. खरं तर ॲपमध्ये दोन जनुकांचा भाग आहे. तो ९:३:३:१ अशी सोळा घरं रंगवतो. पण ३, ३ आणि १ ही तिन्ही दिसायला सारखीच पांढरी असतील तर त्यांची बेरीज ७ करायची, हे त्याला सांगता येत नाही. चार रंग वापरायचेच असा त्याचा हट्ट. दादाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, 'लग्नाआधी हे ॲप असतं तर तुझी वहिनी हिशेबानं पळूनच गेली असती.' वहिनी म्हणाली, तिला एवढं बारीक वाचताच आलं नसतं.

हे अगदी खरं, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. ॲपमधलं नमुन्याचं कुटुंब अल्बिनिझमचं आहे. आणि अक्षरं? पांढऱ्यावर फिकट करडी, मुंगीएवढी. मोबाइलमध्ये अक्षर मोठं केलं तरी या ॲपमधलं होत नाही. दोन बोटांनी ताणलं तर वृक्ष मोठा होतो, आकडे तेवढेच राहतात. गडद पडद्याची सोय नाही. ज्यांच्यावर उदाहरण बेतलं त्यांनाच वाचता येऊ नये!

चांगलंही आहे बरंच. क्ष गुणसूत्रावरच्या गुणांचं काम चोख आहे: वाहक आईच्या मुलग्याला निम्मी शक्यता, बाधित बापाकडून मुलग्याला शून्य, त्याची मुलगी आपोआप वाहक. तिथे मी मुद्दाम आडवेतिडवे वृक्ष काढून बघितले, एकदाही चुकलं नाही. पनेटच्या चौकोनात रब आणि बर वेगळ्या घरांत दाखवतं, एकत्र करून 'तीन प्रकार' म्हणत नाही, हेही फार बरं. ताईच्या मोठ्याची परीक्षा होती तेव्हा त्यानं ठराविक संकरांचे सगळे प्रश्न यावर पडताळले आणि खूश झाला. कारण त्याच्या प्रश्नांत जिवंत माणूस नव्हता. 'रब गुणिले रब, किती टक्के?' एवढंच विचारायचं असेल तर बिनधास्त घ्या. ज्याच्याबद्दल आधीच काही माहीत आहे अशा माणसाबद्दल विचारायचं असेल तर शेजारी वही ठेवा, आणि सेटिंगमधलं ते ०.५ आधी काढा.

मी शेवटी रक्त दिलं. बिघाडाच्या दोन्ही जागा दादाच्या रिपोर्टमधून माहीत होत्या, त्यामुळे तेवढंच बघायचं होतं. मी वाहक निघाले, बाबांकडचा बिघाड. म्हणजे दोनतृतीयांश संपलं, आता पूर्ण एक. नवऱ्यानं तपासणी केलेली नाही. केली आणि त्यात काही सापडलं नाही तरी शक्यता खूप कमी होईल, शून्य होणार नाही. सध्या हिशेब असा: एक गुणिले शंभरात एक गुणिले चारात एक. चारशेत एक.

हो, चारशेत एक. खोडायचं घर न खोडता ॲपनं जे दिलं होतं, तेच. दादा म्हणाला, 'बघ, बरोबरच होतं की ते.' कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ. मी माझ्या कार्डावर 'अज्ञात' काढून 'रब' भरलं. तपासणीआधी ०.२५ टक्के, तपासणीनंतर ०.२५ टक्के. माझ्याबद्दल एवढी मोठी बातमी आली आणि ॲप जागचं हललंसुद्धा नाही.

पाचपैकी अडीच तारे. अर्धा क्ष गुणसूत्रासाठी, एक वृक्ष काढायच्या सोयीसाठी, एक चार घरांसाठी. बनवणाऱ्यांना मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं होतं. मागच्या आठवड्यात सुधारित आवृत्ती आली. आता 'निरोगी'वर टिचकी मारली की गोल हिरवा होतो आणि त्यात एक बरोबरची खूणही उमटते. खाली, फिकट करड्या अक्षरांत: वाहक ५० टक्के.